उभी गाडी सडते

मे महिन्यात अमरावतीहून अकोल्याला जायचं असलं की पहाटे साडेचारला मी अंगणात असते. गाडी रात्रभर निंबाखाली उभी असते आणि तिच्या टपावर निंबोळ्या पडलेल्या असतात. बॉनेट उघडून आधी रेडिएटरचं झाकण फिरवायचं. इंजिन गार असतानाच हे करता येतं. पाणी गळ्याशी दिसलं पाहिजे. मग ऑइलची काडी ओढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा ओढायची. फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून पाहायचा, ब्रेक ऑइलच्या डबीवर टॉर्च मारायचा. शेवटी खाली वाकून फरशीवर रात्रीतून काय ठिपकलं ते बघायचं. इंजिन ऑइलचा ठिपका काळा असतो, ब्रेक ऑइलचा फिका आणि चिकट. पाण्याचा ठिपका वाळला की पांढरं कडं मागे राहतं. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. एवढं झालं की चोक अर्धा ओढून सेल्फ मारते. दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्याला इंजिन जागं होतं, शेजारच्या घरातला दिवा लागतो आणि आमचा दिवस सुरू होतो.

ही १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण वऱ्हाडात तिला या नावानं कुणी हाक मारली नाही. इथे ती फियाटच. वडिलांनी १९९१ मध्ये ती अकोल्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी शाळेत होते. तिच्या पाटीवर अजून एमएच-२७ किंवा एमएच-३० यायच्या आधीची तीन अक्षरं आहेत. वडील गेले, आई अकोल्यातच राहिली, मी नोकरीसाठी अमरावतीला आले आणि गाडी माझ्याबरोबर आली. रोज घर ते कॉलेज, आठवड्याचा बाजार आणि महिन्यातून दोनदा आईकडे, असा तिचा नेम आहे. घरात दुसरी मोटार नाही.

लोक विचारतात, हौस म्हणून ठेवली का? हा प्रश्न प्रेमाने येतो, पण त्यात एक समजूत दडलेली असते: जुनी गाडी ही जपून ठेवायची वस्तू आहे, वापरायची नव्हे. बडनेरा रोडवरचे माझे मिस्त्रीकाका याच्या नेमकं उलट सांगतात. वडील गेल्यावर गाडी चार महिने उभी होती. चाकांचे ब्रेक आतून धरले होते, टाकीत पेट्रोलचा वास बदलला होता, कारब्यूरेटरच्या वाटीत हिरवट खळ बसली होती. सगळं उघडून, धुऊन, परत बांधून दिल्यावर काका म्हणाले, “ताई, गाडी चालून जेवढी खराब होत नाई, तेवढी उभी राहून होते. रोज चालवा. उभी ठेवली का सडली समजा.” त्या एका वाक्यावर मी गेली बारा वर्षं गाडी चालवते आहे. वऱ्हाडात जुन्या गाड्या रोज रस्त्यावर ठेवणाऱ्या माणसांत आणि त्यांच्या मिस्त्र्यांत फिरल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ मोटारीपेक्षा मोठा वाटू लागला आहे.

उघडता येणारी मोटार

या गाडीचं मूळ महाराष्ट्रातच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजं आणि विमानांच्या बरोबरीनं मोटारीचंही स्वप्न पाहिलं आणि १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकी क्रायसलर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारनं धोरण ठरवलं की नुसती सुट्या भागांची जुळणी चालणार नाही, भाग इथे बनवायला हवेत. तेव्हा परदेशी कंपन्या निघून गेल्या आणि मोजके देशी कारखाने उरले. १९५४ पासून कुर्ल्याहून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या फुगीर अंगामुळे तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये सरळ रेषांची ११०० डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून चित्तोडच्या राणीच्या नावानं पद्मिनी. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत तिचा सांगाडा तोच राहिला.

एवढी वर्षं न बदलल्याबद्दल या गाडीला पुष्कळ नावं ठेवली गेली. बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि मिळायची ती जुन्याच घडणीची गाडी. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि लोकांना दुसरी मोटार कशी असते ते कळलं. ती टीका खरी होती. पण त्याच न बदलण्यातून एक गोष्ट घडली. साठच्या दशकातल्या गाडीवर हात बसलेल्या मिस्त्र्याला नव्वदच्या दशकातली गाडीही तोंडपाठ होती. चार सिलिंडर, १०८९ सीसी, चाळीसेक अश्वशक्ती, ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनिअमचं हेड. गिअरचा दांडा स्टिअरिंगवर. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट, पट्ट्यांचे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंनी हात खाली जमिनीपर्यंत जातो. एकही भाग असा नाही की तो खोलायला दुसऱ्या कुणाची परवानगी लागावी.

उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर ही तिची थोरली बहीण. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी १९५७ पासून २०१४ च्या मे महिन्यात कारखाना थांबेपर्यंत बनत होती. ही दोन नावं आणि महिंद्राची जीप, एवढ्यावर वऱ्हाडातल्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्यांचा संसार झाला. कापसाच्या व्यापाऱ्याची फियाट, साहेबाची अ‍ॅम्बॅसेडर, शेतकऱ्याची जीप. तिन्ही एकाच निंबाखाली खोलल्या जात.

पाणी आणि ऊन

वऱ्हाडात गाडी चालवायची म्हणजे उन्हाशी गाठ असते. मे २०२४ च्या शेवटी अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. पारा ४५ च्या पुढे गेला की माणूस घरात थांबू शकतो. चाळीस वर्षांच्या इंजिनाला मात्र त्या हवेतूनच गारवा मिळवायचा असतो.

पहिला त्रास पेट्रोलचा. टाकी मागे, पंप पुढे इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. दुपारी बोरगाव मंजूच्या फाट्यावर दहा मिनिटं गाडी बंद करून चहा प्यायला की इंजिनाची धग वर चढते, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. गाडी सुरू होते, शंभर पावलं जाते आणि बसते. नवखा माणूस अशा वेळी सेल्फ मारून मारून बॅटरी संपवतो. उपाय साधा आहे: पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि पंधरा मिनिटं सावलीत बसायचं. माझ्या गाडीत मे-जूनमध्ये पाण्याची कॅन आणि सुती धोतराचं फडकं कायम असतं.

दुसरा त्रास पाण्याचा आणि तो खास इथलाच. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाण्याच्या मधोमध, खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या भागातल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे. तिथल्या माणसांनी त्या पाण्यापायी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. गाडीवरही त्याचा परिणाम ठरलेला. ब्लॉक लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनिअमचं. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारं पाणी फिरलं की अ‍ॅल्युमिनिअम झिजायला लागतं. पाण्याच्या वाटांची भोकं मोठी होत जातात, पॅकिंगची कड कुरतडली जाते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, गाडी तापते, हेड वाकतं आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

काकांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, “तिले खारं पाणी पाजू नोका ताई. रस्त्यात लागलं तर बिसलरी पाजा, पण बोअरचं नोका.” तेव्हापासून कूलंट आणि शुद्ध पाणी घरूनच निघतं. एकदा दर्यापूरच्या वाटेवर होज फुटला. शेतातल्या बाईनं मोठ्या मनानं कळशी पुढे केली. त्या कळशीतलं पाणी मी घोटभर प्यायले, पण गाडीत ओतलं नाही. तिला कारण सांगितलं तर म्हणाली, “आमचे दात पाहा ना, मंग गाडीचं लोखंड काय टिकते?” तिचं उत्तर मी विसरलेले नाही. गाडीच्या देखभालीतून मला हा पट्टा कळला. तिथे राहणाऱ्यांना तो रोजच्या पाण्यातून कळतो.

वऱ्हाडच्या हवेनं एक उपकारही केला आहे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा लवकर गंजतो, इथल्या कोरड्या हवेत तो टिकतो. इथे मरतं ते रबर. काचांच्या पट्ट्या, होज, ब्रेकच्या आतले कप, इंजिनाच्या खालच्या गाद्या चार उन्हाळ्यांत भेगाळतात. पत्रा कुजतो तो काळ्या मातीनं. चाकाच्या कमानीत, दारांच्या तळात ती माती बसते, पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि पत्र्याला आतून खाते. म्हणून पहिला पाऊस पडायच्या आत दारांच्या खालची बारीक भोकं तारेनं मोकळी करायची.

गाडीचं बारमास

बारा वर्षांत माझ्या लक्षात आलं की गाडीचं वेळापत्रक पुस्तकातल्या किलोमीटरवर जितकं चालतं, तितकंच आपल्या पंचांगावर चालतं. गुढीपाडव्याच्या आधी रेडिएटर उतरवून साफ करून घ्यायचा, फॅनबेल्ट बदलायचा, जुना बेल्ट डिकीत ठेवायचा. अक्षय्य तृतीयेपर्यंत पेट्रोलच्या सगळ्या नळ्या हातानं चाचपून बघायच्या. मृग लागायच्या आत वायपर, दारांची भोकं, डिस्ट्रिब्युटरची टोपी. या टोपीला केसाएवढी चीर असली तरी पावसाळी सकाळी गाडी मिस मारते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, लोणी-हळद लावतात. माझ्या आजोबांच्या घरी तेव्हाच बंडीच्या आखाला वंगण घातलं जाई. मी त्या आठवड्यात गाडी काकांकडे नेते. पुढच्या चाकांच्या किंगपिनांना, शाफ्टच्या सांध्यांना ग्रीसगननं ग्रीस भरायचं असतं. जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येतं, मग नवं पिवळसर दिसू लागतं, तोवर दाबत राहायचं. नव्या गाड्यांत हे सांधे कायमचे बंद असतात. खराब झाले की अख्खा भाग बदलतात. आमच्या गाडीचे सांधे वर्षातून काही वेळा आठवण मागतात. ते काम करताना मला आजोबांचा आख आणि वंगणाची नळी आठवते. तंत्र बदललं, पण फिरणाऱ्या वस्तूला वेळेवर वंगण द्यायचं हे शहाणपण इथल्या घराघरात आधीपासून होतं.

दसऱ्याला झेंडूचा हार. हार घालण्याआधी इंजिन ऑइल बदललेलं असतं. दिवाळीनंतर हवा गार झाली की पॉइंट आणि प्लग. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन बारीक टोकं उघडझाप करतात आणि प्रत्येक उघडण्याबरोबर एका प्लगला ठिणगी जाते. त्या टोकांमधली फट मिलिमीटरच्या अर्ध्याहून किंचित कमी हवी. फट मोजायच्या पोलादी पात्या माझ्याकडे आहेत आणि हे काम मी आता स्वतः करते. पहिल्यांदा केलं तेव्हा हात थरथरत होता. गाडी सुरू झाली आणि संथ लयीत चालू राहिली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वडील हे काम रविवारी सकाळी रेडिओ लावून करत. त्यांना विचारावं असं तेव्हा मला सुचलं नव्हतं.

हात

जुनी गाडी कशावर चालते असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, चार-पाच माणसांच्या हातांवर. एक मिस्त्री. दुसरा रेडिएटरवाला. तो पितळी नळ्या झाळतो आणि पाण्याच्या टाक्यात रेडिएटर बुडवून बुडबुड्यांवरून गळती शोधतो. तिसरा लेथवाला. चौथा डेंटर, जो पत्रा कापून नवा तुकडा जोडतो. पाचवा पाटे करणारा लोहार. अमरावतीत आणि अकोल्यात मी या सगळ्यांकडे जाऊन बसले, त्यांची कामं पाहिली.

अकोल्याच्या लेथवाल्याचं दुकान मला शाळेसारखं वाटतं. त्याचं खरं गिऱ्हाईक जिनिंगच्या मशिनी आणि शेतावरचे पंप. कापसाच्या मुलखात फिरणारे शाफ्ट पुष्कळ, म्हणून लेथही पुष्कळ. माझ्या किंगपिनाचे बुश बाजारात मिळेनात तेव्हा त्यानं गनमेटलची सळई घेतली, जुना बुश मापला, झीज किती धरायची ते मनाशी ठरवलं आणि तासाभरात चार बुश करून दिले. त्याच्याकडे नकाशा नव्हता. झिजलेल्या वस्तूकडे बघून ती नवी असताना केवढी असेल हे त्याला दिसतं. ही विद्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही.

मिस्त्रीकाका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. टॅपेट वाजतो की बेअरिंग बोलतं हे त्यांना त्या लाकडी मुठीतून कळतं. वय सत्तरीकडे झुकलेलं. हाताखाली एक मुलगा आहे. तो नव्या गाड्यांना स्कॅनर लावून कोड वाचतो आणि त्यात तरबेज आहे. मी त्याला विचारलं, फियाटचं काम शिकावंसं वाटतं का? तो म्हणाला, “शिकलो असतो ताई, पण महिन्यातून एक येते. एका गाडीवर घर चालत नाई.” त्याचं बोलणं बरोबर आहे. विद्या टिकायला प्रेम पुरत नाही, काम रोज यावं लागतं.

सुट्या भागांचंही असंच. आम्हा लहान शहरांतल्या फियाटवाल्यांना अनेक वर्षं भाग मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सीमुळे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या, त्यांना रोज ब्रेक शू, क्लच प्लेट, पॅकिंग लागत होतं. म्हणून कुणी ते बनवत होतं आणि म्हणून ते अमरावतीच्या दुकानातही येत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ती संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी हळवे निरोप लिहिले. मी ती बातमी वाचून दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि दोन हेड पॅकिंग, एक वॉटर पंपाचा संच आणि चारही चाकांचे ब्रेक कप घेऊन आले. दुकानदार म्हणाले, “आता हे संपलं की कंपनीले सांगायले जागा नाई राहिली.” आता भाग शोधायचे ते दिल्लीच्या काश्मिरी गेटला, मुंबईच्या जुन्या बाजारात किंवा भंगारात गेलेल्या दुसऱ्या फियाटच्या अंगावर.

कायद्याच्या नजरेत

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. माझ्या गाडीची मुदत १९९९ मध्ये संपली. तेव्हापासून ती पाच-पाच वर्षांच्या हप्त्यांनी जगते आहे. पूर्वी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ते ५,००० झालं. मी २०२४ मध्ये तेवढे भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते १०,००० करण्यात आलं. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

जुन्या गाड्यांसाठी सन्मानाचीही एक वाट कायद्यानं २०२१ च्या जुलैमध्ये उघडली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,०००. पण अट अशी की ती गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढायची.

हा नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, वारसा जपण्याचा. तरी वाचताना मला काकांचं वाक्य आठवलं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या सुस्थितीतल्या गाडीला वेगळी ‘एच’ पाटी मिळते आणि ती रोज चालवायला मुभा असते. क्यूबात पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी मोटारी अजून प्रवासी नेतात, कारण १९६० नंतर नव्या मिळेनाशा झाल्या आणि लोकांनी मिळेल ते इंजिन बसवून त्या चालत्या ठेवल्या. प्रत्येक देशाची गरज वेगळी. आपल्याकडे मात्र जुन्या मोटारीला दोनच जागा दिसतात: भंगाराचा यार्ड किंवा प्रदर्शनाचं मैदान. मधल्या जागेत, म्हणजे बाजारात, शाळेच्या फाटकापाशी, दवाखान्याच्या आवारात, प्रामाणिकपणे काम करणारी जुनी गाडी कुणाच्या यादीत नाही.

जे मान्य करायलाच हवं

या गाडीची बाजू मांडताना मला काही गोष्टी लपवायच्या नाहीत. हिच्यात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. तिच्या काळात धुराच्या आजच्यासारख्या मर्यादाच नव्हत्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मोटारीशी तुलना केली तर किलोमीटरमागे हिचा धूर कितीतरी अधिक घातक आहे. पीयूसीत अशा जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतं. कारब्यूरेटरचा मिश्रणाचा स्क्रू, पॉइंट आणि टायमिंग नीट असलं तर माझी गाडी या मर्यादेच्या बरीच आत राहते. पण मर्यादाच सैल आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून चालत जाता येईल तिथे मी गाडी काढत नाही आणि गाडी धुरकट झाली तर दुरुस्तीशिवाय बाहेर नेत नाही. जुनी गाडी ठेवण्याचा हक्क सांगणाऱ्यानं हे व्रत घेतलंच पाहिजे.

सुरक्षिततेचंही तसंच. एअरबॅग नाही, मूळचा सीटबेल्ट नाही, तो मी नंतर बसवून घेतला. ड्रम ब्रेक पावसात भिजले की एक-दोनदा हलके दाबून सुकवावे लागतात. हायवेवर मी साठच्या वर जात नाही आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवते. लहान मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास हिच्यात करायचा नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

आणि आता पेट्रोल. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, हवेतली ओल ओढतं आणि मिश्रण पातळ करतं. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या मोटारींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्येच मांडला होता. आम्ही पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या, मुख्य जेट एक माप मोठा टाकला. टाकीत पेट्रोल पंधरवड्यापेक्षा जास्त पडू द्यायचं नाही हा नियम केला. म्हणजे पुन्हा तेच. गाडी चालती ठेवा.

मूर्तिजापूरचा थांबा

अकोल्याला जाताना मी मूर्तिजापूरला थांबते. बडनेऱ्यानंतर लोणी, कुरूम, माना मागे पडतात. याच पट्ट्यात, लोणी ते माना, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. शेकडो कामगार चार दिवस, चार रात्री त्या उन्हात राबले. त्या गुळगुळीत डांबरावर माझी गाडी डाव्या कडेनं साठच्या चालीनं जाते आणि नव्या गाड्या शंभरानं पुढे निघून जातात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. रस्ता दोघींसाठी बांधलेला आहे.

मूर्तिजापूर म्हणजे शकुंतला ही छोटी रेल्वे. यवतमाळला आणि अचलपूरला जाणाऱ्या तिच्या अरुंद रुळांवर, मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं. सत्तर वर्षं! ते एवढं टिकलं ते कुणी काचेत ठेवलं म्हणून नव्हे. रोज पहाटे कुणीतरी त्यात कोळसा टाकला, पाणी भरलं, तेलाची बुधली फिरवली. त्या इंजिनाची जागा डिझेलनं घेतली, पुढे गाडी अडखळत गेली, मग थांबली. आता रुळांच्या मध्ये गवत वाढलेलं दिसतं. लोक शकुंतला परत सुरू व्हावी म्हणून आंदोलनं करतात. त्यांच्या मागणीत हळवेपणा आहेच, पण त्याहून जास्त शहाणपण आहे. चालती वस्तू थांबली की तिच्याबरोबर तिला चालवणारं ज्ञानही थांबतं. मग पैसे ओतून रूळ नवे करता येतात, पण ते हात परत आणता येत नाहीत.

गेल्या महिन्यात काकांनी त्या स्कॅनरवाल्या मुलाला माझ्या गाडीपाशी बोलावलं. पॉइंटच्या फटीत पाती घालून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “आता तू कर. ताई उभी हाय, चुकलं तर सांगन.” मुलानं दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा जमवलं. मी त्याला सांगितलं, महिन्यातून एकदा मी नक्की येईन. आमच्या ओळखीच्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर मिळून अमरावतीत आणि अकोल्यात जेवढ्या आहेत, त्या सगळ्यांना आता आम्ही त्याच्याकडे पाठवतो. एका गाडीवर घर चालत नाही हे त्यानं सांगितलं होतं. दहा-बारांवर थोडा हातभार लागतो.

२०३४ मध्ये माझ्या गाडीला पन्नास वर्षं होतील. त्याच वर्षी तिच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाचीही पाळी असेल. तेव्हा दोन खिडक्या समोर असतील. एकीकडे सन्मानाचा क्रमांक आणि निवांत उभं राहणं. दुसरीकडे तपासणी, शुल्क, कर आणि पुन्हा पाच वर्षांचा रस्ता. मी कुठल्या रांगेत असेन हे मला आजच माहीत आहे. त्या दिवशीही पहाटे मी निंबाखाली बॉनेट उघडून पाणी बघितलेलं असेल.